मे महिन्यातलं सोंग

डनीडन, २ डिसेंबर १९५६

चि. बुत्रोस यास आईचे अनेक आशीर्वाद. सौ. ओल्गाला आणि माझ्या नझीराला गालांवरून हात.

वि. वि. इकडे सर्व ठीक. तिकडचं ठीक आहे असं तू कधी कळवत नाहीस, म्हणून मी आपली तसं धरून चालते.

पत्र नेहमीप्रमाणे शेजारच्या गथ्रीबाई लिहीत आहेत. मी मोडकंतोडकं इंग्रजी सांगते, त्या त्यावर इस्त्री फिरवून कागदावर घालतात. मला अक्षर येत नसलं तरी लांबी कळते. मघाशी मी तुझ्या गुणांबद्दल बरंच बोलले आणि त्यांनी अर्धी ओळ लिहिली. तिसरीत तू त्यांच्याच वर्गात होतास, त्याचा हा परिणाम असावा.

गेल्या महिन्यात दातांच्या कॉलेजात माझी नवी कवळी झाली. तिथली मुलं माझ्यावर परीक्षा देतात. यंदाचा मुलगा इतका घाबरला होता, की शेवटी मीच त्याचा हात धरून तोंडात घातला. पास झाला. असे तिघं मी आजवर पास केले, नुसतं तोंड उघडं ठेवून. तोंड बंद ठेवून माझ्याकडून कुणाचं भलं झाल्याचं आठवत नाही.

टेकडीवरच्या भूगोलाच्या प्राध्यापकांकडे काचघरात द्राक्षाचा वेल आहे. ही माणसं द्राक्षं खातात आणि पानं टाकून देतात. एवढं शिकून ही गत. मी दर डिसेंबरात टोपली घेऊन जाते. परवा पानांत भात भरून साठ वळकट्या केल्या, वीस त्यांच्याकडे पोचवल्या. प्राध्यापकांच्या बायकोने विचारलं की हे सुरीने कापायचं का. मी म्हटलं, कापा, मी तोंड फिरवते.

रविवारी प्रार्थना झाली की पाऊस असेल तर संग्रहालय, ऊन असेल तर बाग. संग्रहालयात देवमाशाच्या सांगाड्याखाली बाक आहे, तिथे बसलं की कुणी उठवत नाही. पलीकडच्या कपाटात आपल्या डोंगरातल्या गावाकडचा मातीचा दिवा आहे, माझ्या आईकडे होता तसाच, फक्त याला काजळी नाही. हिवाळ्यात फुकट व्याख्यानं असतात. मागच्या जुलैच्या थंडीत ताऱ्यांवरचं ऐकलं. समजलं काही नाही, पण खोली गरम होती आणि माणूस मनापासून सांगत होता.

हे सगळं तुला का सांगते आहे, ते तू ओळखलं असशील. नझीराचं पत्र आलं. तिला दातांची डॉक्टर व्हायचं आहे. शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगितलं की मार्क पुरेसे आहेत, आणि तू नाही म्हणालास. का नाही, ते ती लिहीत नाही, कारण तू तिलाही सांगितलेलं नाहीस. मागची खोली रिकामी आहे. मी तिथे कांदे ठेवले आहेत, ते हलवता येतात.

उत्तर पाठव. माया आहे तेवढीच ठेव, वाढवायला सांगत नाही.

तुझी आई, वर्दा


ग्रेमाउथ, १३ डिसेंबर १९५६

ती. आईस बुत्रोसचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वळकट्यांचं वाचून ओल्गा दिवसभर उसासे टाकत होती. इथे द्राक्षाचा वेल म्हटलं की लोक आभाळाकडे बोट दाखवतात; पाऊस अकरा दिवस थांबलेला नाही. नाताळची गर्दी आहे, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. मुलांचे मोजे आणि बायकांचे रेनकोट, बाकी काही कुणाला नको आहे.

गथ्रीबाईंना माझा नमस्कार. त्यांचं अक्षर पाकिटावर पाहिलं की अजून माझी पाठ आपोआप सरळ होते.

नझीरा हुशार आहे हे मला तुझ्याइतकंच माहीत आहे. कापडाचा हिशेब तोंडी करते आणि गिऱ्हाइकाला वाटतं आपणच केला. तिला शिकायचं असेल तर ख्राइस्टचर्चला जाऊ दे, शिक्षिका होऊ दे, दर सुट्टीला घरी येईल. दात फक्त डनीडनलाच शिकवतात, हे मला माहीत आहे. म्हणूनच नाही.

तुझी त्या शहरावर एवढी माया का, हे मला कधी कळलं नाही. बाबा गेल्यावर बोचकं पाठीवर घेऊन तू त्या शहराच्या चढणी चढलीस, दारोदार सुया-गुंड्या विकल्यास, पाऊस, बर्फ काही पाहिलं नाहीस. त्याने तुला काय दिलं? एक कवळी. तीही शिकाऊ मुलांचा हात बसवायला.

तूच इकडे ये. खिडकीजवळची खोली तुझी. समुद्र दिसतो. इथे देवमासे हाडांसकट पोहतात.

याहून जास्त लिहीत नाही. माझं पत्र तुझ्याआधी दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जातं, आणि काही गोष्टी तशा जाऊ नयेत. राग धरू नकोस.

तुझा मुलगा, बुत्रोस


ग्रेमाउथ, ६ जानेवारी १९५७

ती. आजीस नझीराचा शि. सा. न.

गथ्रीबाई, हे पत्र कृपा करून आजी खुर्चीत बसल्यावर वाचा, आणि हळू वाचा.

आजी, काल दुकानामागच्या खोलीत आम्ही कापडाचे तागे मोजत होतो. मी बाबांना पुन्हा विचारलं. ते मोजता मोजताच, माझ्याकडे न बघता बोलले. म्हणाले, हे आजीला कधी कळू देऊ नकोस. मी हो म्हटलं. आता मी ते मोडते आहे. दुसरा रस्ता मला दिसत नाही.

ते अकरा वर्षांचे होते. मे महिना, पदवीदानाचा आठवडा, विद्यार्थ्यांच्या सोंगांची मिरवणूक. शाळेतल्या मुलांबरोबर ते कोपऱ्यावर उभे होते. राजे, चाचे, गाईचं सोंग घेतलेले दोघं, असं सगळं गेलं. मग एक जण सीरियन फेरीवालीचं सोंग घेऊन आला. त्या वेळी आपल्याला सगळे सीरियनच म्हणत ना. काळा घागरा, डोक्याला पांढरा रुमाल, पाठीवर दोराने बांधलेली पेटी. कमरेत वाकलेला. लोकांच्या छातीवर दार वाजवल्यासारखं टकटक करायचा आणि मोडक्या इंग्रजीत गुंड्या घ्या, नाड्या घ्या म्हणायचा. लोक पोट धरून हसत होते. बाबा म्हणतात, हसण्याचं काही नाही वाटलं, पण शाळेतली मुलं हसायच्या आधी एकदा माझ्याकडे बघत होती.

रस्त्यात गाडीतून पडलेला कोळसा होता. बाबांनी तो उचलून मारला. त्या माणसाच्या डोळ्यावर लागला, रक्त आलं. बाबा पळाले. घरी येऊन तुला सांगितलं, पायऱ्यांवरून पडलो.

ते म्हणाले, माझ्या आईची थट्टा जिथे झाली, तिथल्या बाकावर माझी मुलगी बसणार नाही. आजी, मला त्यांचा राग येत नाही, हीच अडचण आहे. नाव नोंदवायची मुदत फेब्रुवारीअखेर आहे.

तुला दुखवलं असेल तर मला माफ कर. जाणून घेऊन गप्प बसणं मला जमलं नाही, आणि हे मी कुणाकडून घेतलं ते तुला ठाऊक आहे.

तुझी नझीरा


डनीडन, २० जानेवारी १९५७

चि. बुत्रोस यास आईचे आशीर्वाद.

वि. वि. आज इस्त्री नाही. मी गथ्रीबाईंना सांगितलं आहे की मी जसं सांगेन तसं उतरवायचं, आणि कुठे थांबले तर थांबायचं. त्यांनी चष्मा पुसून घेतला आहे.

पोरीला रागावू नकोस. तिने मला सांगितलं, पण जे सांगितलं ते मला माहीत होतं. मी तिथे होते.

आपल्या मागच्या खोलीत त्या वर्षी मन्रो राहायचा, आठवतो ना. दक्षिणेकडच्या मेंढरांच्या गावचा, लांब हाडांचा, डॉक्टरकी शिकणारा. तुला बुद्धिबळ शिकवायचा. मिरवणुकीच्या आधी चार दिवस तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. म्हणाला, सगळ्यांना काही ना काही व्हायचं असतं, मी तुम्ही होऊ का. असंच विचारलं त्याने, तुम्ही होऊ का.

बुत्रोस, आपल्या डोंगरातल्या गावी सणाला मिरवणूक निघायची. पोरांना सजवायचे. कुणी मेंढपाळ, कुणी राजा, कुणी संत. ज्या घरच्या माणसाचं रूप मिरवणुकीत निघे, ते घर वर्षभर ताठ मानेने चाले. माझ्या आजोबांचं निघालं होतं, दुष्काळात त्यांनी विहीर खणली म्हणून. मला वाटलं, इतकी वर्षं या शहराच्या चढणी चढले, ते कुणीतरी पाहिलं. मला वाटलं, आता माझं निघणार.

घागरा माझाच. रुमाल मीच बांधला. खरं बोचकं त्याला उचलेना, म्हणून पेटीत वर्तमानपत्रं भरून दिली. कसं चालायचं ते शिकवलं. चढावर पुढे वाकायचं, उतारावर मागे, आणि दार उघडेपर्यंत हसू नाही, उघडल्यावर लगेच. त्याला ते नीट जमलं नाही. तो सगळीकडेच वाकत होता.

त्या दिवशी मी चांगला कोट घालून तुझ्या समोरच्या पदपथावर उभी राहिले. शेजारच्या बाईला आधीच सांगून ठेवलं होतं की आता पुढे बघा. मग तो आला आणि लोक हसले. पहिल्यांदा मला वाटलं, पुढच्या गाईला हसतात. मग मी वळून पाहिलं. गाय केव्हाच पुढे गेली होती.

इथे मी थांबले होते. गथ्रीबाईंनी चहा केला.

कोळसा कुणी मारला, ते मी पाहिलं. तुझा हात मी गर्दीतही ओळखते, तो मी बनवला आहे. संध्याकाळी तू म्हणालास पायऱ्यांवरून पडलो, आणि मन्रो म्हणाला गाडीवरून पडलो. एकाच दिवशी, एकाच घरातली दोन माणसं पडली, आणि मी दोघांचंही खरं मानलं. त्याच्या भुवईला पट्टी बांधली, तुझे गुडघे धुतले. तुझ्या गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही, कारण बोलले असते तर रुमाल कुणी बांधला तेही सांगावं लागलं असतं. मन्रोला तू मनात वाईट म्हणत राहिलास, आणि मी म्हणू दिलं. तो आता टिमारूला डॉक्टर आहे, दर नाताळला कार्ड येतं. गथ्रीबाई वाचून दाखवतात, मी ऐकते, आणि तुला पत्रात कधी सांगत नाही. ही माझी चूक दुसरी, पहिलीपेक्षा मोठी.

तू विचारलंस, या शहराने मला काय दिलं. पुढच्या सोमवारी मी बोचकं उचललं आणि त्याच रस्त्याने गेले. पहिल्या घराशी हात वर केला आणि खाली घेतला. पुन्हा वर केला. तिसऱ्यांदा वाजवलं. आतून बाई आली, पांढरी नाडी मागितली, सहा हात. मी मोजली. एवढंच झालं. पण त्यानंतर ते शहर माझं झालं. कुणी दिलं नाही, मी घेतलं. संग्रहालयातला बाक, काचघर, गरम खोलीतले तारे, सगळं त्या सोमवारनंतरचं आहे. त्याआधी मी आत जाऊन बघितलंच नव्हतं, मला वाटायचं ते शिकलेल्यांसाठी आहे.

तेव्हा पोरीला अडवायचं असेल तर दुकानासाठी अडव. लांब आहे म्हणून अडव. तिच्याशिवाय करमणार नाही म्हणून अडव, ते कारण मला समजेल. माझ्या नावाने अडवू नकोस. माझं नाव तुला त्या कामाला मिळणार नाही.

कांदे हलवलेले नाहीत. तुझ्या उत्तराची वाट बघते आहे.

वर्दा, तुझी आई

ता. क. एकही शब्द बदललेला नाही. बुत्रोस, मी त्या दिवशी गर्दीत होते आणि मीही हसले होते. हे मी आज तुझ्या आईला सांगितलं. त्या म्हणाल्या, माहीत आहे, तुम्ही माझ्या शेजारीच उभ्या होतात. आय. गथ्री


ग्रेमाउथ, ३ फेब्रुवारी १९५७

ती. आईस सा. न. वि. वि.

पत्र आधी ओल्गाने वाचलं, मग मी. मग दुकानाला अर्धा तास कडी लावली. बाहेर दोन गिऱ्हाइकं पावसात उभी होती, ती मी उभी राहू दिली.

गथ्रीबाईंनी हेही जसंच्या तसं वाचावं. आता त्यांच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही.

आई, नझीराला मी सगळं सांगितलं नव्हतं. रुमालाची गाठ डाव्या कानामागे होती आणि टोक आत खोचलेलं होतं. तसा रुमाल जगात दोघीच बांधत, तू आणि तुझी आई, आणि तुझी आई समुद्रापलीकडे होती. मला तेव्हाच कळलं होतं. तो कोळसा मी मन्रोला मारला नाही. त्या गाठीला मारला.

मला वाटलं, तूच आम्हाला हसायला देऊन टाकलंस. का दिलंस ते मला समजेना. गावची मिरवणूक मी पाहिलेली नाही, मी या देशातच जन्मलो. तुला विचारण्याची हिंमत नव्हती आणि तुझ्यावर रागावून राहणं परवडणारं नव्हतं, आपण दोघंच होतो. म्हणून शहरावर रागावलो. शहर उलट बोलत नाही, ते सोयीचं पडलं. वीस वर्षांचा झालो तेव्हा तुला सांगितलं की पश्चिम किनाऱ्यावर धंदा चांगला चालतो. इथे धंदा कसा चालतो, ते तू पाहतेसच.

तू चांगला कोट घातला होतास, हे मला माहीत नव्हतं. मी समोर बघितलंच नाही. हे वाचल्यापासून मला तो कोट दिसतो आहे.

नझीराचं नाव काल नोंदवलं. मी स्वतः पोस्टात गेलो. तिला घेऊन मी दोन मार्चला येतो, दोन दिवस राहीन. करमणार नाही म्हणून अडव असं तू लिहिलंस, ते लिहायला नको होतंस. ते खरं कारण निघालं, आणि खरं निघाल्यावर ते वापरता येईना.

एकच अट. तू तीस वर्षं लपवलंस, मी तीस वर्षं लपवलं. नझीराच्या बाबतीत हे चालणार नाही. कुणी तिला हसलं, काही टोचेल असं झालं, तर त्याच आठवड्यात मला कळवायचं. गोड करून नाही. तुम्ही दोघींनी मिळून मला आनंदात ठेवू नका.

मन्रोचा पत्ता पाठव. काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. ओल्गाचा नमस्कार.

तुझा बुत्रोस


डनीडन, १७ मार्च १९५७

चि. बुत्रोस यास आईचे अनेक आशीर्वाद, सौ. ओल्गाला प्रेम.

वि. वि. तू सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. गाडी सुटल्यावर तू खिडकीतून हात केलास तो आम्ही पाहिला. पुढच्या वळणापर्यंत हात बाहेर होता तोही पाहिला. नझीरा म्हणाली, बाबांना थंडी लागेल. मी म्हटलं, लागू दे.

पत्र गथ्रीबाईच लिहीत आहेत. नझीरा घरात असताना मी बाहेरून लिहवून घेते म्हणून तुला नवल वाटेल. एकदा तिला सांगून पाहिलं. ती मी बोलते ते सगळंच्या सगळं लिहिते, खोकलासुद्धा. शिवाय आजचं पत्र तिच्याबद्दल आहे. हे लिहिणार आहे असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, लिही, पण मी रडले असं लिहू नकोस, कारण मी रडले नाही. ते खरं आहे.

मागची खोली तिने आवरली. कांद्यांचा वास गेलेला नाही, तिची तक्रार नाही. मागच्या रविवारी मी तिला काचघरात नेलं. ती झाडं न बघता माझ्याकडे बघत होती. घरी आल्यावर मी माझी कवळी तिच्यासमोर काढून ठेवली. अर्धा तास ती उलटसुलट करत बसली आणि म्हणाली, डावीकडे खालची दाढ अजून घासायला हवी, तुला तिथे टोचत असणार. टोचते. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आता तुझी अट.

सोमवारी तिचा पहिला वर्ग होता. मोठी खोली, उतरत्या पायऱ्यांवर बाकं, दार वरच्या टोकाला. वर्गात सगळे मुलगे, मुली तीन. इथे पद्धत आहे, मुलगी दारातून आली की मुलगे पाय आपटतात, ती बसेपर्यंत. पहिल्या दोघी दाराजवळच्या मागच्या बाकावर पटकन बसल्या. नझीरा आली तेव्हा मागे जागा उरली नव्हती. तिला सगळ्या पायऱ्या उतरून अगदी खाली जावं लागलं, आणि तेवढा वेळ पाय चालू होते. वर कुणीतरी तिचं आडनाव हेल काढून म्हटलं आणि हशा झाला.

हे तिने मला जेवताना सांगितलं, भाकरी मोडता मोडता. मी म्हटलं, आपल्याकडे लग्नात पाय आपटतात, हात धरून, नवरी येते तेव्हा. ती म्हणाली, आजी, मला माहीत आहे लग्नात आपटतात. हे लग्न नव्हतं तेही मला माहीत आहे. मग तिने सांगितलं की तिसऱ्या पायरीला तिला पळावंसं वाटलं, आणि पळायचं तर पायऱ्या मोजता येणार नाहीत म्हणून तिने मोजल्या. एकवीस. एकवीस होईपर्यंत हळूहळू चालली. मग बसून वही काढली.

बुत्रोस, मी तिला पुन्हा वाढलं. तिने ते खाल्लं.

मंगळवारी सकाळी मी तिच्याआधी उठून स्वयंपाकघरात बसले. म्हटलं, आली नाही तर आज मी काही बोलणार नाही, झोपू देईन. ती आली. वेणी घातलेली होती. दुधाचा पेला उभ्यानेच प्यायली आणि गेली. संध्याकाळी मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं. परत आपटले. बुधवारी आपटले. गुरुवारी मागे जागा होती, दुसऱ्या मुलीने राखून ठेवली होती. ही तरीही खाली गेली. खालून फळा चांगला दिसतो म्हणाली.

हे मी गोड केलेलं नाही. गथ्रीबाई साक्षीला आहेत, त्या लिहिताना मान हलवत आहेत. तू लगेच गाडीत बसू नकोस. काही करायचं असेल तर तिला पत्र लिही, आणि त्यात या गोष्टीबद्दल लिहू नकोस, दुकानाबद्दल लिही. रेनकोटांचं काय झालं, ते तिने दोनदा विचारलं.

आठवडा संपून आज रविवार आला. ती समोर पायरीवर उन्हात पुस्तक घेऊन बसली आहे. मला वाचता येत नाही, पण पान उलटलं की कळतं. उलटते आहे.

दोघांची आठवण आहे. तिथली माया तिथे थोडी ठेवून उरलेली इकडे पाठवा.

तुझी आई, वर्दा